वाटीभर मीठ

“अक्का, आज पिठलं नको,” धनू दारातूनच म्हणाला.

मी नुकतीच कामावरून आले होते. पर्स खुंटीला अडकवली होती, पदर कमरेला खोचला होता आणि हात बेसनाच्या डब्यात होता.

“का रे? काल तर भाकरीबरोबर दोनदा मागून घेतलंस.”

“आज पाहुणे यायचेत.” त्याच्या हातात डेअरीची पिशवी होती. ती त्याने अंड्याची टोपली ठेवावी तशी हळूच ओट्यावर ठेवली. “बासुंदी आणलीय. तू फक्त पुऱ्या तळ आणि बटाट्याची भाजी टाक. बाकी काही करू नकोस.”

“कोण पाहुणे?”

तो खिडकीकडे बघत म्हणाला, “रेवतीचे आईवडील. दवाखान्याच्या कामाला सोलापुरात आलेत. सकाळी फोन आला होता. म्हणाले, आलोच आहोत तर तुझ्या अक्काशी बोलून घेऊ.”

रेवती त्याच्याबरोबर पॉलिटेक्निकला होती. ओळख झाल्यावर कळलं, पोरगी आमच्याच गावची. नुसती गावची नाही, आमच्याच आळीतली, निवृत्तीनाना शेळक्यांची धाकटी. अप्पा गेल्यावर आम्ही गाव सोडलं तेव्हा ती पाळण्यात असेल. आपल्याच गल्लीतली मुलगी निघावी, ह्याला धनू देवाची योजना म्हणत होता. मी काहीच म्हणत नव्हते. आई जाऊन तीन वर्षं झाली होती. घरात मोठी मी, त्यामुळे होकार नकार माझा होता, आणि महिनाभर मी तो तोंडातच धरून ठेवला होता. धनू रोज माझ्या तोंडाकडे बघायचा आणि विचारायला धजायचा नाही.

“अक्का, ऐकतेस ना? नाना स्वतः येतायत. त्यांनीच आधी विरोध केला होता. रेवतीनं चार दिवस अन्नाला तोंड लावलं नाही, तेव्हा कबूल झाले. आता तू नाही म्हणालीस तर...”

“तर काय?”

“तर मी काय करणार?” तो म्हणाला. “तू नको म्हटलंस तर नाही करणार.”

हे त्याने इतक्या साधेपणाने म्हटलं की मला राग आला. त्याचा नाही. ज्या माणसामुळे हे पोर माझ्या तोंडाकडे बघत उभं होतं, त्याचा.

“जा, तोंड धू,” मी म्हटलं. “स्वयंपाकाचं मी बघते.”

मी तेव्हा एका वकिलाकडे टायपिस्ट होते. दिवसभर दुसऱ्यांची भांडणं टाइप करायची आणि संध्याकाळी घरी येताना डोक्यात एकच हिशेब: अर्ध्या तासात, घरात असेल त्यात, दोन पोटं. सकाळच्या पोळ्या उरल्या तर कुस्करून फोडणीला टाकायच्या. आमटी उरली तर तिला उकळी आणून कणकेच्या चकत्या सोडायच्या, झाल्या चकोल्या. मुगाची खिचडी कुकरला लावली की शिट्टी होईपर्यंत साडी बदलून होते. भाजीवाली उठायच्या वेळी गेलं तर मेथीची जुडी निम्म्यात मिळते, जरा मान टाकलेली असते, पण शिजल्यावर कोण विचारतो. आणि ज्या दिवशी यातलं काहीच नसेल त्या दिवशी पिठलं. त्याला ना भाजी लागते ना वेळ. वकीलसाहेबांची बायको मला एकदा म्हणाली होती, “शालन, तू झटपट स्वयंपाकाचे वर्ग का काढत नाहीस?” मी हसले. वर्गात मी काय शिकवणार? नड असली की हात आपोआप चालतात.

धनूला तर पिठलं म्हणजे जीव की प्राण. मित्रांना घेऊन यायचा आणि “अक्काचं पिठलं खाऊन तर बघा” म्हणायचा. त्याला वाटायचं हा मायेचा पदार्थ आहे. माया होतीच. पण पहिल्यांदा मी पिठलं केलं ते कधी आणि कसं, हे त्याला ठाऊक नव्हतं. तेव्हा तो तीन वर्षांचा होता. आईनं मला शपथ घातली होती, पोराच्या डोक्यात विष घालू नकोस म्हणून. आई गेली, शपथही तिच्याबरोबर गेली असं मी धरून चालले होते.

मी बासुंदी कपाटात ठेवली. बटाट्यांना हात लावला नाही. कुकरला भात लावला, पातेल्यात पाणी ठेवलं आणि बेसन कालवायला घेतलं. मिठाची बरणी ओट्यावरून उचलून वरच्या फळीवर, डब्यांच्या मागे ठेवून दिली.

नाना आणि कौसाकाकी आले तेव्हा बाहेर दिवे लागायला लागले होते. नाना बरेच उतरले होते. पूर्वी दारात उभे राहिले की दार भरायचं. आता धोतराचा सोगा सावरत, भिंतीला हात लावत आत आले. काकी मात्र तशाच होत्या, बारीक, गप्प, डोक्यावरचा पदर कपाळापर्यंत ओढलेला.

“शालन व्हय ही?” नाना खुर्चीत बसत म्हणाले. “किती मोठी झालीस गं. तुझ्या बापाचं नाक घेतलंयस हुबेहूब.”

“हो,” मी म्हटलं. “स्वभावपण.”

ते हसले. धनूही हसला, जरा जास्तच. मी पाणी दिलं. काकींनी तांब्या घेताना माझ्याकडे बघितलं नाही.

“हे बघ पोरी,” नाना म्हणाले, “मी आडपडदा ठेवणारा माणूस न्हाई. तुझा बाप आन् मी, आमचं दूध संस्थेच्या निवडणुकीत वाजलं हुतं. एका मतानं माझी खुर्ची गेली, आन् ते मत तुझ्या बापाचं. आता ती संस्थाबी बंद पडली. झालं गेलं गंगेला मिळालं. पोरांनी एकमेकाला पसंत केलंय. आपण कशाला मधी यायचं?”

“खरंय,” धनू म्हणाला.

“तुझं काय म्हणणं?” नानांनी मला विचारलं.

“आधी जेवा,” मी म्हटलं. “गावाकडचं माणूस उपाशी पोटी बोलणी करत नाही.”

“हे बाकी बरोबर,” नाना खूश होऊन म्हणाले. “दवाखान्यात सकाळपासून नुसता चहा झालाय.”

मी तीन पाट मांडले. एक नानांना, एक काकींना, एक धनूला. ताटं वाढून आणली आणि समोर ठेवली. ताटात भाताची मूद होती आणि शेजारी पिठलं. बस. लिंबाची फोड नाही, चटणी नाही, कांदा नाही. पिठल्यावर फोडणीचा एक थेंब नाही. नुसत्या पाण्यात शिजवलेलं पीठ, वर साय धरायला लागलेलं.

धनू माझ्याकडे बघतच राहिला. त्याचे कान लाल झाले होते. काकींचा हात ताटापर्यंत आला आणि तिथेच थांबला. बिनफोडणीचं पिठलं आणि भात कुठल्या घरी, कुठल्या दिवशी वाढतात, हे आमच्याकडच्या बाईला सांगावं लागत नाही. ज्या घरातून माणूस गेलं त्या घरी त्या दिवशी चूल पेटत नाही. बाहेरून पिठलं-भात येतो, पिठलं-भाकरी येते. कडू घास म्हणतात त्याला.

नानांना मात्र भूक लागली होती. त्यांनी ताटाकडे नीट बघितलंही नाही. भात कालवला, घास घेतला, चावला आणि थांबले. मग ताटाच्या डाव्या बाजूला बोट नेलं, जिथे मीठ वाढायची रीत आहे तिथे. तिथे काही नव्हतं.

“मीठ इसरलीस जणू,” ते म्हणाले. “वाईच मीठ दे गं.”

ह्या वाक्याची मी किती वर्षं वाट बघितली होती ते मला त्या क्षणी कळलं. मी खिडकीकडे बघितलं. समोरच्या घरात तुळशीपाशी दिवा लावत होते.

“दिवेलागण झालीय, नाना,” मी म्हटलं. “तिन्हीसांजेला मीठ देत नाहीत.”

नानांचं बोट ताटाच्या कडेला तसंच राहिलं. काकींनी डोळे मिटून घेतले.

“अक्का, काय चाललंय?” धनू म्हणाला. “असलं कुठं मानतेस तू?”

“मी नाही मानत. नाना मानतात.” मी पाटासमोर, जमिनीवर बसले. “विचार त्यांना.”

नानांनी बोट ताटावरून मागे घेतलं. मग मीच बोलले. आवाज चढवला नाही. वकिलाकडे राहून एवढं शिकले होते की खरं असलं तर हळू बोललं तरी चालतं.

“अप्पांना बार्शीच्या दवाखान्यातून टेम्पोतून आणलं ते दुपारी. निवडणुकीला महिना झाला नव्हता. माती झाली, आलेली माणसं एसटी धरून आपापल्या गावी गेली. मग आम्ही तिघं उरलो. आळी सगळी शेळक्यांची, नानांच्या भावकीची. आपलं एकच घर परकं. आई भिंतीला टेकून बसली होती. मी दाराकडे बघत होते. कुणीतरी येईल, टोपलं घेऊन. ज्या घरी कधी जाणं-येणं नसतं त्या घरूनसुद्धा त्या दिवशी भाकरी येते. दिवस कलला तरी कुणी आलं नाही. नानांनी आळीत सांगून ठेवलं होतं, ह्या घरात कुणी भाकर टाकली तर त्याचं आणि माझं संपलं.”

“शालन,” नाना म्हणाले.

“तू भुकेनं रडायला लागलास,” मी धनूला म्हटलं. “सकाळपासून तुझ्या पोटात काही नव्हतं. शेवटी मी चूल पेटवली. बाप जळत होता तिकडे आणि मी इकडे चूल पेटवली. सुतकाच्या घरात, त्याच दिवशी. आई नको नको म्हणत होती. डब्यात मूठभर बेसन होतं. ते पाण्यात कालवून शिजवलं. मीठ संपलेलं. मी वाटी घेऊन शेजारी गेले.”

मला वाटलं होतं इथे माझा आवाज फुटेल. फुटला नाही. उलट मला बरं वाटत होतं, खोटं कशाला बोलू.

“दार नानांनीच उघडलं. आत भजी तळत होते, वास येत होता. मी म्हटलं, नाना, चिमूटभर मीठ द्या, धनूला भूक लागलीय. नाना माझ्या वाटीकडे बघून म्हणाले, दिवेलागण झालीय, तिन्हीसांजेला मीठ देत न्हाईत. आणि दार लावून घेतलं.”

काकींनी पदर आणखी पुढे ओढला.

“ते अळणी पिठलं तू खाल्लंस,” मी धनूला म्हटलं. “बोटं चाटून खाल्लंस. म्हणालास, अक्का, रोज कर.”

धनूने आपल्या ताटाकडे बघितलं. मग नानांकडे. “खरंय हे?”

नानांनी मान वर केली नाही. बोलल्या त्या काकी. त्यांच्या घरात त्यांना मी कधी मोठ्याने बोलताना ऐकलं नव्हतं.

“खरंय,” त्या म्हणाल्या. “म्या पातेलंभर पिठलं केलं हुतं त्या दिशी. भाकरी थापून टोपल्यात भरल्या हुत्या. ह्येंनी म्हशीपुढं वतायला लावलं. म्हशीनंबी तोंड लावलं न्हाई त्याला.” त्या नवऱ्याकडे वळल्या नाहीत. “भजी म्या न्हाई तळली. ह्येंच्या भैनीनं तळली. म्या त्या दिशी जेवले न्हाई.”

हे मला माहीत नव्हतं. माझ्या रागात इतकी वर्षं दोघंही होती. एक जण त्यातून अशी अचानक उठून बाजूला झाली.

धनू ताटावरून उठला. “मला हे लग्न नको.”

“खाली बस,” मी म्हटलं.

“अक्का, ह्या माणसाच्या...”

“बस म्हणते ना. त्या पोरीनं काय केलंय? ती पाळण्यात होती. तिनं तुझ्यासाठी चार दिवस अन्न सोडलं, उपाशी राहणं म्हणजे काय ते तिला आपल्याइतकंच कळतं.” मी नानांकडे वळले. “माझा होकार आहे, नाना. मनापासून आहे. लग्न होऊ द्या. सोयरीक झाली की उद्या तुमच्या घरी वाईट दिवस आला, तर तुमच्या आळीत चूल कुणाचीच पेटायची नाही. सगळ्या भावकीला सूतक. घास आणायचा सोयऱ्यांनी. तो मी आणीन. कुणी नको म्हटलं तरी आणीन. मी विसरत नाही.”

नानांनी पहिल्यांदा माझ्या डोळ्यांत बघितलं. मी काय देते आहे आणि काय परत करते आहे ते त्यांना बरोबर कळलं. राजकारणातला माणूस होता.

त्यांना उठून जाता आलं असतं. पण उठले असते तर पोरगी हातची जात होती, आणि पोरीवर त्यांचा जीव होता. त्यांनी भाताला हात लावला. एक घास, मग दुसरा. पिठलं गार होऊन घट्ट झालं होतं, घशाखाली उतरत नव्हतं. ते पाणी पीत होते आणि खात होते. ताट पुसून घ्यावं तसं स्वच्छ होईपर्यंत मी समोरून उठले नाही.

“आणखी वाढू?” मी विचारलं.

त्यांनी मान हलवली. मग मी कपाटातून बासुंदी काढली, वाट्या भरल्या आणि पहिली वाटी त्यांच्यापुढे ठेवली. “घ्या. तोंड गोड करा. सोयरीक ठरली.”

काकींच्या ताटातलं पिठलं तसंच होतं. मी फळीवरून बरणी काढली आणि त्यांच्या ताटात मीठ वाढलं. त्यांनी हात आडवा धरला. “नगं,” म्हणाल्या. “आज मलाबी असंच खाऊ दे.”

लग्न थाटात झालं. रेवती माझ्या घरात आली आणि माझ्याहून चांगली नांदली. नाना वर्षातून एकदोनदा यायचे. जेवायला बसले की ताटात जे असेल ते मुकाट्याने खायचे. आमटीत मीठ कमी पडलं असेल तरी मागायचे नाहीत. गावाकडे लोक म्हणायचे, लेकीच्या सासरी म्हातारा फार नरम झालाय. मला ते ऐकून बरं वाटायचं.

नाना गेले ते पावसाळ्याआधी, पहाटे. धनू आणि रेवती लगेच निघाले. मी ऑफिसात रजा सांगितली, घरी आले, पातेलंभर भात शिजवला आणि दुसरं मोठं पातेलं चढवलं. सगळ्या आळीला पुरेल एवढं बेसन कालवलं. एवढ्या वर्षांच्या सवयीने गुठळी एक होऊ दिली नाही. फोडणी घातली नाही. मीठही घातलं नाही. मीठ एका वाटीत भरून वर फडकं बांधून घेतलं. शेजाऱ्याच्या जीपमधून गावात पोचले तेव्हा माती होऊन माणसं परतली होती आणि दिवेलागण होत आली होती.

ओसरीवर शेळक्यांची भावकी बसली होती. नानांचे भाऊ, चुलतभाऊ, त्यांच्या बायका. त्या दिवशी ज्यांची दारं बंद होती ती सगळी, आता केस पांढरे झालेली. कुणाच्याच घरी चूल पेटलेली नव्हती. मी पत्रावळी मांडल्या, भात वाढला, पिठलं वाढलं आणि मधोमध वाटी मांडीवर घेऊन बसले.

पहिला घास सगळ्यांनी घेतला. मग एकमेकांकडे बघितलं. नानांचा धाकटा भाऊ सगळ्यांत आधी बोलला, मान खाली घालून. “शालन, वाईच मीठ दे.”

मी दिलं. मग त्याच्या बायकोने हात पुढे केला. मग तिच्या जावेने. ओळीने एकेक हात येत गेला, आणि मी एकेकाच्या पत्रावळीवर चिमूट ठेवत गेले. कुणी वर बघत नव्हतं. कुणी मीठ नको असंही म्हणत नव्हतं.

कौसाकाकी भिंतीला टेकून बसल्या होत्या, आई बसली होती तशाच. त्यांनी हात पुढे केला नाही. अळणी भात चावत होत्या. मी उठून त्यांच्यापाशी गेले आणि त्यांनी न मागता मीठ वाढलं. ह्या खेपेला त्यांनी हात आडवा धरला नाही.